आभाळाची हजेरी
(विमानांचे संदेश टिपणारा साधा रेडिओग्राहक : चांदूर बाजार तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांसाठी भाषण)



चांदूर बाजार तालुक्यातील कोणत्याही शाळेच्या अंगणात उभे राहिले असता दिवसातून अनेक वेळा आभाळातून विमान जाताना दृष्टीस पडते. कधी पांढरी रेघ दिसते, कधी नुसताच दूरचा घरघराट ऐकू येतो. मुले माना वर करतात आणि विचारतात, "गुरुजी, हे कुठे चालले?" या प्रश्नाला बहुधा 'मुंबईला' किंवा 'नागपूरला' असे उत्तर मिळते आणि प्रश्न तेथेच संपतो. उत्तर देणाऱ्याचा त्यात दोष नाही. खरे काय ते समजून घेण्याचे साधन शाळेपाशी नव्हते. आता ते आहे. संगणकाला जोडण्याचे बोटभर यंत्र, तांब्याच्या तारेचे पाच तुकडे आणि एक टीव्हीची केबल एवढ्यावर आपल्या गावावरून जाणाऱ्या विमानाचे नाव, उंची, वेग व दिशा शाळेच्या खोलीत बसून वाचता येते. विमान आपण होऊन ही माहिती सांगत जाते. ती ऐकणारा मात्र कोणीतरी हवा.

प्रथम भिंतीवरील भारताचा नकाशा खाली उतरवावा. त्यावर पट्टी ठेवून दिल्लीपासून बंगळूरुपर्यंत सरळ रेघ ओढावी. दिल्लीचे विमानतळ सुमारे ७७.१ पूर्व रेखांशावर व बंगळूरुचे सुमारे ७७.७ रेखांशावर आहे; म्हणून ही रेघ जवळजवळ उभी येते आणि आपल्या जिल्ह्यातून, मेळघाट-अचलपूरच्या भागातून, खाली उतरते. चांदूर बाजारपासून ती चाळीस किलोमीटरही दूर नाही. मग मुंबईपासून कोलकात्यापर्यंत दुसरी रेघ ओढावी. ती वाशीम-यवतमाळच्या बाजूने जाते. दोन्ही रेघा कारंजा-दारव्ह्याच्या आसमंतात एकमेकींस छेदतात. प्रत्यक्ष विमानमार्ग पट्टीने आखल्यासारखे सरळ नसतात, हे खरे. तथापि देशाच्या चार मोठ्या शहरांना जोडणाऱ्या दोन रेघा वऱ्हाडात भेटतात, ही गोष्ट मुलांनी स्वतःच्या हाताने शोधून काढावी. पुस्तकातील वाक्यापेक्षा ती अधिक काळ ध्यानात राहील.

या मध्यवर्ती स्थानाचा उपयोग देशाने फार पूर्वी करून घेतला होता. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्री टपाल घेऊन एकेक विमान निघे. ही चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेच्या आत आपापल्या शहरी परतत. मुंबईहून नागपूरला जाणारी सरळ रेघ आपल्या जिल्ह्यावरूनच जाते. १९७३ साली ती सेवा बंद झाली. त्या काळी वऱ्हाडातील एखादा शेतकरी रात्री पिकाच्या राखणीस मळ्यात जागत असता डोक्यावरून जी डाकोटा विमाने जात, ती कोणती हे त्याला कळण्यास काहीच मार्ग नव्हता.

विमान बोलते म्हणजे काय, हे मुलांना सांगण्यासाठी गावातील दोन परिचित गोष्टी पुरेशा आहेत : हजेरी आणि दवंडी. वर्गात शिक्षक नाव पुकारतात आणि मूल 'हजर' म्हणते. त्याप्रमाणे जमिनीवरील रडार विमानाला विचारते आणि विमानातील यंत्र उत्तर देते. ही हजेरी झाली. दवंडी देणाऱ्याला मात्र कोणी विचारीत नाही. तो चौकाचौकात थांबून सांगत जातो, ज्याला ऐकायचे त्याने ऐकावे. आजचे बहुतेक प्रवासी विमान असेच दवंडी देत जाते. आपले सांकेतिक चिन्ह, उंची, वेग आणि उपग्रहांच्या साहाय्याने काढलेले आपले अक्षांश-रेखांश ते क्षणोक्षणी प्रक्षेपित करते. त्यातील स्थानाचा संदेश तर सेकंदाला सुमारे दोनदा जातो. हा आवाज कानांचा नव्हे, रेडिओलहरींचा. त्या लहरींची कंपने सेकंदाला १०९ कोटी, म्हणजे १०९० मेगाहर्ट्झ असतात, आणि जगभर या कामासाठी मुख्यतः हीच कंपनसंख्या वापरतात.

एवढी दवंडी कशासाठी, असा प्रश्न वरच्या वर्गातील मुले विचारतील. त्यांना १२ नोव्हेंबर १९९६ ची घटना सांगावी. हरियाणातील चरखी दादरी येथे दिल्लीहून निघालेले सौदी विमान आणि दिल्लीला येणारे कझाकस्तानचे विमान यांची आकाशात टक्कर झाली. दोन्ही विमानांतील सर्वच्या सर्व ३४९ माणसे मृत्यू पावली. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले होते. त्या वेळी दिल्लीच्या नियंत्रकासमोरील पडद्यावर विमानाची दिशा व अंतर दिसे, उंची दिसत नसे. ती वैमानिक तोंडी सांगेल तीच मानावी लागे. त्यानंतर भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवासी विमानांवर टक्कर टाळणारे यंत्र बसविणे सक्तीचे झाले. दोन विमानांतील ही यंत्रे एकमेकांना प्रश्न विचारतात आणि उत्तरे देतात. ती उत्तरे याच १०९० मेगाहर्ट्झवर दिली जातात. मुलांच्या वहीत उतरणारा 'उंची' हा स्तंभ अशा किमतीने मिळालेला आहे. हे सांगताना भीती वाटेल असे वर्णन करू नये. पण आकडा वगळूही नये.

आता संदेशाची रचना. प्रत्येक संदेश ११२ खुणांचा असतो व प्रत्येक खूण शून्य किंवा एक असते. पहिल्या ५ खुणा संदेशाचा प्रकार सांगतात, पुढील ३ यंत्राची क्षमता, त्यापुढील २४ विमानाचे स्वतःचे चिन्ह, नंतरच्या ५६ मुख्य मजकूर, आणि शेवटच्या २४ खुणा म्हणजे ताळा. एका खुणेस सेकंदाचा दहालक्षांश भाग लागतो. त्याआधी 'लक्ष द्या' असे सुचविणारे आठ दहालक्षांश सेकंद धरले, तर संपूर्ण निरोप १२० दहालक्षांश सेकंदांत संपतो. डोळ्याची पापणी लवण्यास लागणाऱ्या वेळात असे शेकडो निरोप येऊन जातील.

यातील ताळा ही गोष्ट प्राथमिक शिक्षकाच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. गुणाकार केल्यावर मुले जसा नवाचा ताळा पाहतात, तसाच आलेल्या मजकुरावर एक ठराविक भागाकार करून ग्राहकयंत्र ताळा पाहते. तो जुळला तर निरोप ठेवते. न जुळल्यास टाकून देते. वाटेत एक खूण जरी बिघडली तरी चूक उघडकीस येते. ताळा पाहण्यास कंटाळणाऱ्या मुलाला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण. चोवीस खुणांची चिन्हे किती होऊ शकतील, हा हिशेबही द्यावा. दोनाला दोनाने चोवीस वेळा मांडून गुणत गेले की १,६७,७७,२१६ येतात. त्यांपैकी २,६२,१४४ चिन्हांचा एक सलग गट भारताकडे आहे. ही चिन्हे सोळाच्या पायावर लिहितात, आणि त्या लेखनात भारतीय विमानाचे चिन्ह ८० ते ८३ यांपैकी एका जोडीने सुरू होते. यादीत दुसऱ्या आकड्याने किंवा अक्षराने सुरू होणारे चिन्ह आले की मुलांनी ओळखावे, पाहुणा परदेशी आहे.

साधनांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. डिजिटल टीव्हीचे कार्यक्रम संगणकावर पाहता यावेत म्हणून एक लहान यंत्र बाजारात आले. त्याला 'डोंगल' म्हणतात आणि ते संगणकाच्या यूएसबी खाचेत बसते. त्यातील एका जातीचे यंत्र टीव्हीखेरीज इतर अनेक लहरीही टिपू शकते, हे २०१२ च्या सुमारास हौशी लोकांच्या ध्यानात आले. साल्वातोरे सान्फिलिप्पो या इटालियन संगणकतज्ज्ञाने विमानांचे निरोप उलगडणारा 'डम्प १०९०' हा कार्यक्रम लिहून सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. शाळेतील जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक या कामाला पुरतो. विमानांची यादी पाहण्यास इंटरनेटची गरज नाही. ज्या शाळांत रेंज मिळविण्यासाठी गच्चीवर जावे लागते, त्यांनी ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी.

अँटेना मात्र शाळेतच करावी. विकत आणू नये. ती करताना जे शिकायला मिळते ते विकतच्या वस्तूत नाही. प्रकाशाचा, तसाच रेडिओलहरीचा वेग सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर. त्यास १०९ कोटींनी भागले की एका लहरीची लांबी सुमारे २७.५ सेंटिमीटर येते. तिचा चौथा भाग ६.९ सेंटिमीटर. घराच्या वायरिंगमधील जाड, एकपदरी तांब्याची तार घेऊन तिचे तेवढ्या लांबीचे पाच तुकडे मुलांनी मोजून कापावेत. एक तुकडा उभा ठेवून तो केबलच्या मधल्या तारेला जोडावा. उरलेले चार केबलच्या बाहेरील जाळीला जोडून छत्रीच्या काड्यांप्रमाणे तिरके खाली वाकवावेत. उभी तार जाळीला चिकटली तर यंत्र मुके होते. पहिल्या दिवशी काहीच ऐकू आले नाही तर प्रथम हेच तपासावे. मध्यम लहरींच्या रेडिओसाठी पूर्वी गच्चीभर एरियल ताणावी लागे, कारण त्या लहरी शेकडो मीटर लांबीच्या. येथे बोटाएवढी तार पुरते, ती का, हे मुले आता स्वतः सांगू शकतील. डाळ रांधलेल्या पातेल्यावर झाकण घालतात तशी प्लास्टिकची एखादी बरणी अँटेनेवर उपडी घालून पाऊस अडवावा. केबल शक्य तितकी आखूड ठेवावी. या कंपनसंख्येला लांब केबल पुष्कळ शक्ती खाऊन टाकते.

दोन बाबतींत कसलीही सवलत नाही. अँटेना प्लास्टिकच्या पाइपवर, विजेच्या तारांपासून लांब, आणि प्रौढ माणसाने बसवावी. मुलांना गच्चीच्या काठाशी किंवा पत्र्यावर चढवू नये. मृगाच्या तोंडाशी आपल्याकडे विजा कशा पडतात, हे शेतात काम करणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. ढग गडगडण्याची चिन्हे दिसताच केबल संगणकापासून काढून खिडकीबाहेर ठेवावी, आणि पावसाळ्यात अँटेना खालीच उतरवावी. दुसरी बाब परवानगीची. रेडिओ ऐकण्यासाठीही परवाना लागे व त्याची फी टपालकचेरीत भरावी लागे, ते दिवस वयस्क शिक्षकांना आठवत असतील. हे यंत्र नुसते ऐकते, बोलत नाही. तरीही बिनतारी उपकरणे हा केंद्र शासनाच्या अखत्यारीतील विषय आहे. म्हणून खरेदीपूर्वी मुख्याध्यापकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत लेखी विचारणा करावी आणि होकार आल्यावरच पुढे जावे. वैमानिक व नियंत्रक यांचे संभाषण ऐकणे हा या उपक्रमाचा भाग नाही. वही शाळेच्या कपाटात राहावी. तिचे फोटो काढून गावभर पाठविण्याचे काही कारण नाही.

येथपर्यंतचे काम हुशार मुलगा आठवडाभरात उरकेल. खरे शिक्षण याच्या पुढे आहे.

रेडिओच्या या लहरी जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वी वाटोळी आहे. त्यामुळे विमान क्षितिजाखाली असेल तर ऐकू येत नाही. क्षितिजाचे अंतर काढण्याची रीत सोपी आहे : उंचीचे मीटर घेऊन त्यांचे वर्गमूळ काढावे व त्यास ४.१ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. अँटेना ९ मीटरवर असेल तर वर्गमूळ ३ व अंतर सुमारे १२ किलोमीटर. विमान १०,००० मीटरवर असेल तर वर्गमूळ १०० व अंतर ४१०. दोहोंची बेरीज ४२२. म्हणजे चांदूर बाजारच्या शाळेने भोवती ४२२ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर त्यात नागपूर, भोपाळ, इंदूर, छत्रपती संभाजीनगर ही सर्व शहरे येतात. मुंबई येत नाही. ताशी ८५० किलोमीटर वेगाने येणारे विमान त्या कडेवर प्रथम ऐकू आले, तर गावावर येण्यास त्याला सुमारे अर्धा तास लागेल. गृहपाठ तपासून संपत नाही तोच मुलांनी अंगणात जाऊन त्याची वाट पाहावी.

परंतु असे पूर्ण वर्तुळ कोणत्याही शाळेला मिळणार नाही, आणि तेच महत्त्वाचे आहे. महिनाभर आठही दिशांना सर्वांत दूरचे विमान किती अंतरावर ऐकू आले ते कागदावर मांडावे आणि ते बिंदू जोडावेत. दक्षिणेकडे आकृती फुगलेली, तर उत्तरेकडे व वायव्येकडे चेपलेली दिसावी. त्या बाजूस गाविलगडचे डोंगर आडवे पडले आहेत. चिखलदऱ्याचे पठार समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंच आहे. डोंगरामागे, क्षितिजालगत असलेल्या विमानाचा निरोप येथवर पोचत नाही. मुलांनी सातपुडा न पाहता, केवळ न ऐकू आलेल्या विमानांवरून, कागदावर उमटविलेला असेल. एखाद्या दिशेला अशीच खाच पडली आणि तिकडे डोंगर नसेल, तर पाण्याची टाकी, शेजारची इमारत किंवा दाट कडुनिंब शोधावा. मग अँटेनेची जागा बदलून पुन्हा महिनाभर नोंद घ्यावी.

नोंदवहीत म्हणूनच एक स्तंभ सर्वांत अधिक जपावयाचा आहे : 'ऐकू आले नाही'. उत्तरेकडे विमान दिसले नाही याचा अर्थ तेथे विमान नव्हते असा नव्हे. आपल्याला ते ऐकू आले नाही, एवढाच. 'नाही' आणि 'ठाऊक नाही' यांतील अंतर मोठमोठ्या माणसांच्याही लक्षात राहत नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. शाळांतून नोंदवह्या कशा भरल्या जातात, हे भरणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांनाही माहीत असते. तपासणीच्या आदल्या दिवशी एकाच शाईने, एकाच अक्षरात आठवड्याचे पर्जन्यमान लिहून निघते. विमानांची वही जर तशी भरावयाची असेल तर हे यंत्र शाळेत न आणणेच बरे. वीज गेली, त्या दिवसासमोर 'वीज नव्हती' असे लिहावे. संगणक बंद पडला, तर तसे लिहावे. पंधरा दिवसांची मोकळी पाने ठेवणारी शाळा ही काम न करणारी शाळा समजली जाऊ नये, आणि पाने मोकळी का राहिली हे ज्या मुलाने लिहिले त्याला शाबासकी द्यावी.

यंत्र जे सांगते तेही तपासून घेण्याची सवय लावावी. विमान 'मी येथे आहे' असे म्हणते आणि ग्राहक ते मान्य करतो. म्हणणे खरे की खोटे हे तो ठरवीत नाही. ताळा जुळला म्हणजे निरोप वाटेत बिघडला नाही, एवढेच सिद्ध होते. उपग्रहांच्या खुणांत कोणी मुद्दाम गोंधळ केला तर विमानाचीही फसगत होते, असे प्रकार जगात घडलेले आहेत. शिवाय काही विमाने ही दवंडी देतच नाहीत, विशेषतः लष्करी. उंचीचा आकडा फुटांत येतो; तो हवेच्या दाबावरून, समुद्रसपाटीवरील एक ठराविक दाब गृहीत धरून काढलेला असतो, गावच्या जमिनीपासून मोजलेला नसतो. म्हणून वहीत 'डोळ्यांनी पाहिले काय?' असा आणखी एक स्तंभ असावा, आणि त्यात 'होय' लिहिणाऱ्या मुलाने दिशा व वेळही लिहावी.

पाहताना मुलांची एक गंमत होईल. ती आवाजाच्या दिशेने पाहतील आणि विमान तेथे नसेल. दहा किलोमीटर उंचीवरून आवाज खाली यावयास अर्धा मिनिट लागतो. तेवढ्यात विमान सात किलोमीटर पुढे गेलेले असते. रेडिओचा निरोप मात्र तत्काळ आलेला असतो. प्रकाशाचा व ध्वनीचा वेग यांतील फरक एवढ्या ढळढळीतपणे दाखविणारा दुसरा प्रयोग प्राथमिक शाळेच्या आवाक्यात नाही.

हे सर्व मोबाईलवर आयते दिसते, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. आक्षेप योग्य आहे व त्याला उत्तरही आहे. विमाने दाखविणारा 'फ्लाइटरडार२४' हा प्रसिद्ध नकाशा २००६ साली स्वीडनमधील दोन हौशी माणसांनी सुरू केला. त्यातील बराचसा भाग जगभरच्या लोकांनी आपापल्या घरांवर लावलेल्या अशाच ग्राहकयंत्रांतून भरून येतो. आयता नकाशाही कोणाच्या तरी गच्चीवरूनच येत असतो. मोबाईलवर मूल विमान पाहते. अँटेना केलेले मूल, ते विमान कसे दिसले हे सांगू शकते, आणि कधी का दिसले नाही हेही.

शेवटी एक उदाहरण, सातवी-आठवीच्या मुलांसाठी. अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. चांदूर बाजारपासून बेलोरा सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटर धरावे. धावपट्टीवर उभे असलेले विमान आपल्या ९ मीटरवरील अँटेनेला ऐकू येईल काय? वरील रीतीने पाहता येणार नाही; ते किमान ८५ मीटर वर चढले पाहिजे. हे गणित मोकळ्या, सपाट जमिनीचे. मधली झाडे, घरे व उंचवटे धरले तर ही उंची अधिक भरेल. किती अधिक, ते पुस्तकात नाही. विमान उतरताना शेवटचा निरोप कोणत्या उंचीवर आला आणि उडाल्यावर पहिला निरोप कोणत्या उंचीवर आला, हे दिवाळीच्या सुटीनंतर वीस वेळा लिहून काढावे लागेल.